टेकडीवरची ओली टिपणं

पुण्यातल्या पक्षिनिरीक्षकांचं वर्ष नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्चअखेर आटोपतं. कवडीपाटाला बदकं उतरली, भिगवणला रोहित आले की दुर्बिणी बाहेर पडतात आणि मृग लागला की पुसूनपुसून कपाटात जातात. राज्याचा पक्षी सप्ताहसुद्धा ५ ते १२ नोव्हेंबर. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. दोन्ही माणसं मोठी, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दोघांपैकी एक जरी जुलैत जन्मला असता तर बरं झालं असतं, असं मला दर पावसाळ्यात वाटतं.

हिवाळ्यात येतात ते पाहुणे. खातात, अंगावर चरबी चढवतात आणि अंडी घालायला आपापल्या देशी परत जातात. भांडणं, लग्नं, घरटी, पिल्लांची उस्तवार हे सगळं तिकडे, बहुतेकांचं हिमालयापलीकडे. इथल्या कित्येक पाखरांचा मात्र हाच उद्योग भर पावसात, आपल्या डोळ्यांदेखत चाललेला असतो. आणि आपण घरात भजी खात बसतो.

*

माझी जागा ठरलेली: पंचवटीच्या बाजूनं वेताळ टेकडी चढायची, खाणीपर्यंत जायचं, खाणीला वळसा घालून खाली यायचं. वेळ असला तर पाषाण तलावाकडे एक चक्कर. शहरातली ही सर्वांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून ८०० मीटरच्या आसपास. पुणं पर्जन्यछायेत आहे हे शाळेत पाठ केलं होतं. त्याचा फायदा टेकडीवर कळतो. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पडतो, इथे ७०० ते ७५०. म्हणजे भुरभुर, एखादी सर, परत भुरभुर. सलग झड क्वचित. उघडीप मिळतेच, आणि पावसातलं पक्षिनिरीक्षण म्हणजे मुख्यतः उघडिपीची वाट बघणं.

*

मृग

पहिला दणका देऊन पाऊस थांबला आणि संध्याकाळचं ऊन पडलं. वाटेच्या कडेला जमिनीला बारीक भोकं पडली होती आणि त्यांतून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडत होती. एकेक किडा गवताच्या पात्यावर चढायचा, टोकाशी जरा डगमगायचा आणि उडायचा. जड, बावळट उडणं. पहिल्यांदा कोतवालाच्या ध्यानात आलं. तो हिवराच्या शेंड्यावरून सुटला, हवेतच एक टिपला आणि परत जागेवर. मग वेडे राघू आले. मग साळुंक्या थेट भोकाशीच जाऊन बसल्या. उडायची वाट बघायला त्यांना वेळ नव्हता. बुलबुल एरवी फळांवर असतात, तेही खाली उतरून पात्यांवरचे किडे वेचायला लागले. वर घारी. घार वाळवी चोचीनं धरत नाही. पायानं धरते, पाय पुढे आणते, मान खाली वाकवते आणि उडता उडताच खाते. एवढा मोठा पक्षी, आणि घास तांदळाच्या दाण्याएवढा. तरी एकामागून एक चाललंच होतं.

खाटीक जेमतेम हातभर अंतरावर बसला असूनही बुलबुलांनी त्याच्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळात सगळं संपलं. वाटेवर पंखांचा कचरा उरला, त्यावर मुंग्या.

*

सामानाबद्दल. रेनकोट वाईट. चालताना त्याची जी सळसळ होते, तिच्यात राखी वटवट्याचा आवाज हमखास बुडतो. छत्रीखाली थेंबांचा ताशा वाजतो, पण निदान उभं राहून दुर्बीण कोरडी ठेवता येते. मी चालताना टोपी आणि थांबलो की छत्री, असं करतो. वही छोटी, खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि सोबत पेन्सिल; शाई पसरते. ई-बर्डवर यादी भरायची तर ओल्या बोटांना मोबाईलचा पडदा दाद देत नाही. घरी येऊन भरावी लागते, आणि घरी येईपर्यंत आकडे गोल होतात.

दुर्बिणीत बुरशी धरते. पावसाळ्यानंतर भिंगात कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसायला लागतात. दुरुस्तीवाला दरवर्षी एकच प्रश्न विचारतो, "साहेब, पावसात नेताच कशाला?"

पाय कुठे पडतोय ते बघावं. या दिवसांत दगडाशेजारी फुरसं असू शकतं, आणि ते वाट सोडत नाही.

*

सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे सव्वातीनला निरोप: "हा कुठला पक्षी आहे? कुणी काही करू शकतं का?" खाली तीन हात जोडलेले, दोन रागावलेले चेहरे.

पावशा होता. आपले लोक त्याच्या हाकेत 'पेर्ते व्हा' ऐकतात, हिंदीवाले 'पी कहाँ' ऐकतात आणि साहेब लोकांनी त्याचं नावच मेंदूज्वराचा पक्षी ठेवलं. तीन-तीन सुरांची हाक, दर वेळी आधीपेक्षा वरच्या पट्टीत. आता फुटणार असं वाटेपर्यंत चढते आणि एकदम तुटते. मग पुन्हा खालून सुरू. दिवसा, रात्री, चांदण्यात तर विशेष. मी ग्रुपवर लिहिलं की हा नर आहे, मादीला बोलावतोय, थोडे आठवडे सोसा. तळमजल्यावरच्या काकूंनी उत्तर दिलं: "अहो, मग ती येत का नाही लवकर?"

*

आर्द्रा

जोराच्या पावसात टेकडीवर काहीच ऐकू येत नाही, दिसतही नाही. पक्षी ताठ बसतात, चोच किंचित वर, पिसं अंगाशी घट्ट, म्हणजे पाणी पागोळीसारखं निथळून जातं. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिथलं तेल चोचीनं पिसांवर फिरवण्यात त्यांचा बराच वेळ जातो. पण खरं काम पिसांच्या विणीचं. बारीक तंतू एकमेकांत आकड्यांनी अडकलेले असतात आणि थेंब त्यांवर टेकतो, आत शिरत नाही. पाणकावळ्याची पिसं मुद्दामच भिजतात, म्हणून त्याला बुडी मारणं सोपं जातं आणि नंतर पंख पसरून वाळत बसावं लागतं. पाषाण तलावात भुरभुर पावसातही एक जण पंख पसरून बसला होता. कितपत वाळत असतील, कोण जाणे.

पोपटांचं उलट. सर आली की तारेवर उलटे लटकतात, पंख उघडतात, आरडाओरडा करतात. त्यांना भिजायचंच असतं.

आणि सर थांबली की पहिली दहा मिनिटं. त्यांसाठी टेकडी चढावी. शिंपी, वटवट्या, बुलबुल, तितर, लांबून मोर, सगळे एकदम. हिवाळ्यात इतके आवाज नसतात, कारण पाहुण्यांना इथे गाऊन हद्द सांगायची नसते. मी या दहा मिनिटांत दुर्बीण लावत नाही. कोण कुठल्या झुडपावर हक्क सांगतोय याचा नकाशा कानानंच तयार होतो, आणि दोन-तीन आठवड्यांत कुठलं जोडपं कुठे राहतं ते पाठ होतं. डोळ्यांना हे जमत नाही, कारण आता ग्लिरिसिडियाला पानं भरगच्च आलेली असतात.

*

कावळ्यानं आंब्यावर, करंजावर घरटं बांधलं तर पाऊस चांगला, काटेरी झाडावर बांधलं तर ओढ देणार. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली तर धो धो, खोलगटात घातली तर दुष्काळ. चितमपल्लींनी अशा समजुती आस्थेनं नोंदवल्या, आणि नोंदवायलाच हव्यात. आणखी एक समजूत: टिटवीची जितकी अंडी, तितके महिने पाऊस. दरवर्षी कुठल्यातरी वर्तमानपत्रात फोटो येतो, 'टिटवीची चार अंडी, यंदा चार महिने पाऊस'. टिटवी बहुतेक वेळा चारच घालते. हवामान खात्याला इतकी खात्री परवडणार नाही.

*

तरणा पाऊस

चातक आला आहे. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पंखावर पांढरा ठिपका, उडताना शेपटीची पांढरी टोकं दिसतात. मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. तो फक्त पावसाचे थेंब पितो हेही सगळ्यांना माहीत आहे, आणि ते खोटं आहे. त्याला पाण्यापेक्षा सुरवंटांची गरज आहे. पाऊस पडला की पालवी, पालवीवर सुरवंट. इतर पक्षी ज्यांना टाळतात ते केसाळ सुरवंट हा खातो. दुसरी गरज सातभाईंच्या घरट्यांची. चातकिणीचं अंडं निळं, सातभाईंचंही निळं.

खैराच्या फांदीवर चातकाची जोडी दहा-एक मिनिटं एकमेकांचा पाठलाग करत होती. नर फारच आवाज करत होता. खाली घाणेरीत सातभाईंची टोळी चिडून ओरडत होती. नर मुद्दाम स्वतःकडे लक्ष वेधतो आणि मादी तेवढ्यात काम उरकते, असं म्हणतात. मला ते सगळं काही दिसलं नाही. गोंधळ तेवढा दिसला.

*

खाणीत पाणी चढलं आणि टिबुकलीची जोडी हजर. सुक्या दिवसांत ती कुठे असतात आणि चार कोसांवरच्या डबक्यात पाणी साचल्याचं त्यांना कसं कळतं, हा मला पडलेला जुना प्रश्न. टिबुकली उडताना क्वचित दिसते. रात्रीच प्रवास करत असणार.

घरटं पाण्यावर तरंगतं. कुजलेलं शेवाळ, गवताच्या काड्या, एक निळी प्लॅस्टिकची पट्टी. पाण्याखाली बुडालेल्या झुडपाच्या फांद्यांत अडकवलेलं, तरी पाणी वाढलं की घरटंही वर येतं. घरट्यावरून उठताना ती ओलं शेवाळ चोचीनं ओढून अंड्यांवर पसरते. तीन-चार झटके, आणि जिथे अंडी होती तिथे नुसता कचरा. हे सगळं काठावर रील बनवणाऱ्या पोरांपासून वीस-पंचवीस फुटांवर. त्यांना ती दिसली नाही. मी सांगितलंही नाही.

*

म्हातारा पाऊस

सलग झड. टेकडी ढगात. अशा दिवसांत कीटकभक्ष्यांचे हाल होतात. किडे उडत नाहीत तर खायचं काय? पाकोळ्या वादळाच्या कडेनं लांब निघून जातात असं वाचलंय. आज आकाशात एकही नव्हती. विजेच्या खांबावर घार बसलेली, इतकी भिजलेली की आकार निम्मा. खाली वेडे राघू एका तारेवर खांद्याला खांदा लावून ओळीनं. कुणी हलायला तयार नाही. माझ्याशिवाय टेकडीवर एक मावशी होत्या, टाकळा खुडत होत्या. म्हणाल्या, "काय हो दादा, अशात कसली पाखरं?" मी तार दाखवली. "त्यांना घर नाय का?"

घरटं पिल्लांसाठी असतं, मोठे राहत नाहीत, असं मी सांगितलं. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

*

बसस्टॉपशेजारच्या वडावर गायबगळ्यांची वसाहत आहे. डोकं, मान, पाठ नारिंगी; शेजारी ढोकरी, विटकरी-तांबड्या पाठीची, जी एरवी चिखलाच्या रंगाची असते. खाली पांढरे सडे आणि वास. वास खरंच येतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण फांद्या छाटायला गाडी येते ती जूनमध्येच, पावसाळ्याआधी राहून गेलेलं काम उरकायला. तेव्हा वर अंडी असतात. गाडी फेब्रुवारीत आली तर झाडही छाटून होईल आणि पाखरंही वाचतील. यंदा लोकांनी अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली. फांद्याही गेल्या.

*

सुगरण. पाषाणच्या बाजूला ओढ्याकाठच्या बाभळीवर विणकाम जोरात. दुर्बीण एकाच नरावर ठेवून बसलो. तो गवताच्या लांब पात्यावर उतरतो, मुळाजवळ कडेला चोचीनं एक खाच पाडतो, ती कड पकडतो आणि सरळ उडून जातो. उडण्याच्या जोरानं पात्याची लांब सळसळीत पट्टी फाटून येते. ओल्या गवताचीच अशी पट्टी निघते, वाळलेलं तुटतं. म्हणून हे काम पावसातलं. मग झाडावर उलटं लटकून पट्टी आत खुपसायची, दुसऱ्या बाजूनं ओढायची, परत खुपसायची. मध्येच आतल्या भिंतीला ओल्या मातीचे गोळे लावतो.

घरटं अर्धं झालं, उलट्या टोपासारखं दिसायला लागलं, की माद्या पाहणीला येतात. सगळे नर पंख फडफडवत एकच गलका करतात. मादी आत शिरते, इकडून तिकडून ओढून बघते. पसंत पडलं तर राहते आणि मग नर पुढची नळी पुरी करतो. नाही पडलं तर तो टोप तसाच लोंबकळत राहतो. या झाडावर असे नापसंत टोप बरेच आहेत.

पसंत पडलं, मादी अंड्यांवर बसली, की हे महाशय शेजारच्या फांदीवर दुसरं घर सुरू करतात, दुसरीसाठी. अंडी उबवणं तिचं एकटीचं. हे पहिल्यांदा नीट कुणी मांडलं तर सालिम अलींनी, अलिबागजवळच्या किहीमला. १९३० साल. मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी गेलेली, पत्नी तेहमिनांच्या माहेरच्यांच्या तिथल्या घरी मुक्काम, जवळच सुगरणींची वसाहत. कोकणातला पावसाळा त्यांनी त्या झाडासमोर घालवला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये आलेल्या त्या लेखानं त्यांचं नाव झालं. दूरच्या मोहिमा होत्याच, पण पक्षिशास्त्रात त्यांचा पाय रोवला तो घराशेजारच्या एका झाडामुळे, आणि तेही भर पावसात. पक्षी सप्ताहाच्या भाषणांत हे का सांगत नाहीत?

*

कोकणाचा विषय निघालाच आहे तर तिबोटी खंड्या. रायगडचा जिल्हापक्षी. चिमणीपेक्षाही लहान, आणि निळा, पिवळा, जांभळा असे रंग की खोटा वाटावा. पावसात मातीच्या दरडीत बीळ खोदतो, पिल्लांना सापसुरळ्या, खेकडे, बेडूक आणून घालतो. त्यामुळे जुलैत कर्नाळ्याच्या, चिपळूणच्या बाजूला दीड-दीड हात लांब लेन्सा घेऊन गर्दी होते. पावसात घराबाहेर पडणारे निसर्गप्रेमी असे, आणि तेही थेट बिळासमोर. चोचीत पाल घेऊन पक्षी फांदीवर ताटकळतो, कारण समोर माणसं. फोटो सुंदर येतात. ताटकळलेलाच असतो तो त्या फोटोंत, हे एकदा कळलं की तेवढे सुंदर वाटत नाहीत.

आपली टेकडी याबाबतीत सुखी. इथे कुणी सातभाईंचे फोटो काढायला येत नाही.

*

मघा

मोराची पिसं गळायला लागली. काल वाटेत एक सापडलं, डोळा फाटलेला. पिसारा जाईल तसा मोर आवाजही कमी करतो.

गवत कमरेएवढं. कुर्डू फुलला. लाल मुनियाचा नर आता पुरता लाल, अंगावर पांढरे ठिपके. उन्हाळ्यात हाच पक्षी मातकट असतो आणि कुणी ढुंकून बघत नाही. बाकीच्यांची पिल्लं उडाली तरी मुनियांचं आता कुठे सुरू होतंय. त्यांना किडे नकोत, गवताचं बी हवं, आणि बी आता भरतंय. टेकडीवर 'स्वच्छता' म्हणून गवत कापायची टूम मध्येमध्ये निघते, ती नेमकी याच महिन्यात.

*

उत्तरा

राखी धोबी. खाणीच्या काठावर एकटाच, शेपूट वरखाली. उत्तरेकडून येणाऱ्यांत हा नेहमी पहिल्यांतला. अजून पाऊस आहे, डोक्यावर छत्री आहे, आणि हिवाळ्याचा पहिला पाहुणा दारात. फोन वाजायला लागतील आता.

सुगरणींची बाभूळ बरीचशी शांत. एका जुन्या खोप्यात पांढऱ्या कंठाच्या मुनिया ये-जा करताहेत, आत पिसं आणि मऊ गवत नेताहेत. त्या स्वतः बांधतात तेही घरटं ठीकठाकच असतं, पण विणलेलं तयार मिळालं तर कोण सोडतं?

*

हस्त

मोठे चातक दिसेनासे झाले. त्याच खैराजवळ हे पिल्लू, वरून तपकिरी, खालून मळकट पिवळं, तुरा अजून आखूड. गेल्या महिन्यात सातभाईंच्या मागे चोच वासून फिरत होतं आणि सातभाई, त्यांची स्वतःची पोरंही सोबत असताना, याला भरवत होते. आता टोळी खालच्या ओढ्याकडे गेली आणि हे वर एकटं. काही दिवसांत समुद्र ओलांडून आफ्रिकेत जायचं आहे. ज्यांनी जन्म दिला ते पुढे गेले, ज्यांनी वाढवलं त्यांनी ही टेकडी कधी सोडलेली नाही.

बराच वेळ फांदीवर बसून होतं. मग खाली झेप घेतली आणि केसाळ सुरवंट घेऊन परत. चोचीनं त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेपलं, परत उलटं चेपलं, आतलं आतडं पिळून बाहेर काढलं, फांदीला पुसलं आणि मग गिळलं. सातभाई सुरवंट असा खात नाहीत. चोचीला हिरवा रस लागला होता. तो पुसेपर्यंत पुढचा सुरवंट दिसला आणि ते पुन्हा खाली गेलं.